आपल्या चाळीने वाढविलेली लेकरं

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्ही आपल्या वस्तीचा इतिहास लिहा, असे कमिटीच्या तरुण कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे आयुष्य गिरणीच्या रिंग खात्यात गेले. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, लायब्ररीच्या बाकावर आणि विहाराच्या ओट्यावर. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम, आमच्यासारख्या कामगाराचे नव्हे, असे वाटत होते.

पण मग विचार केला. आपल्या चळवळीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. महाडचे तळे, काळाराम मंदिर, १९५६ ची नागपूरची दीक्षा, नामांतर, हे सारे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे आणि असलेच पाहिजे. परंतु मोर्चाला गेलेला बाप घरी आला तेव्हा घरात काय होते, त्याची लहान लेकरं त्या दिवशी कोणी सांभाळली, दूध कुठून आले, आजारी पोराला दवाखान्यात कोणी नेले, हे कुठे लिहिलेले नाही. हाही इतिहासच आहे. तो आपल्या आयाबहिणींचा आणि लेकरांचा इतिहास आहे. आता नायगावच्या बी.डी.डी. चाळी पडत आहेत, त्यांच्या जागी टॉवर उठत आहेत, माणसे भाड्याच्या घरांत पांगली आहेत. आज लिहिले नाही तर हा इतिहास भिंतींबरोबरच जाईल. म्हणून हे चार शब्द.

खोली आणि खोलीतली लेकरं

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बी.डी.डी.ने, १९२० नंतरच्या दशकात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन माळे. एका माळ्यावर २० खोल्या, चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. संडास सगळ्या माळ्याला मिळून. खोलीत सात-आठ माणसे धरली तरी एका चाळीत सहाशे माणसांचे गाव वसलेले असे. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून आपली माणसे गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत कामाला आली आणि या खोल्यांतून राहिली.

त्या काळी मुंबईत कामगाराचे मूल जगणे हीच मोठी गोष्ट होती. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत मेली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर हा आकडा आठशेच्या पुढे गेला होता. बऱ्याच बाया बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मृत्यूची इकडे, त्यामुळे हे आकडे थोडे फुगले असतील, असे जाणकार सांगतात. तो वाद बाजूला ठेवला तरी आमच्या आजीचा हिशेब आम्हाला ठाऊक आहे. तिला सात मुले झाली. जगली तीन.

आजी गिरणीत रिळाच्या खात्यात होती. १९२० ते १९३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा भाग बाया होत्या. तान्हे मूल घरी कोणाजवळ ठेवायचे? आजी सांगायची, "अफूची बारीक गोळी चाटवायची आन् झोळीत टाकून भोंग्याला पळायचं. संध्याकाळी पोर तसंच झोपलेलं असायचं." त्याला बाळगोळी म्हणत. ही एकट्या आमच्या आजीची गोष्ट नव्हे. त्या काळच्या सरकारी पाहणीतही गिरणीतल्या बायांच्या मुलांना सर्रास अफू दिली जाते, असे नोंदले गेले. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या मातेला दोष देण्याआधी विचारा, की तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? कामावर गेली नाही तर चूल पेटत नव्हती.

आणि चूल का पेटत नव्हती तेही सांगितले पाहिजे. गिरणीत चांगला पगार विणखात्यात होता. साच्यावर काम करणारा कामगार धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढी. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. म्हणून आपल्या माणसांना विणखात्याची दारे बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. विटाळ पाळला जात होता गिरणीतल्या धाग्याला, पण त्याने कमी होत होते ते खोलीतल्या लेकराचे दूध. जात लेकराच्या वाटीपर्यंत पोहोचते ती अशी.

बाबासाहेबांचे घर

ही झळ बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेली नव्हती. आपल्या नायगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या पोयबावाडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. पुढे दादरला राजगृहात जाईपर्यंत ते तिथेच राहिले. विलायतेच्या पदव्या घेतलेला माणूस गिरणी कामगारांच्या चाळीत राहत होता. माता रमाईंनी त्याच चाळीत शेणी थापून, काटकसर करून घर चालविले. त्यांना पाच अपत्ये झाली. यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं बालपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आदल्याच वर्षी. पोटच्या पोराच्या दुःखात बुडालेला हा बाप पुढच्या वर्षी हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेला. १९३५ च्या २७ मे रोजी रमाईही गेल्या.

म्हणून बाबासाहेबांनी आईबद्दल आणि मुलाबद्दल जे केले ते आम्हाला त्यांच्या मोठ्या कार्याइतकेच महत्त्वाचे वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायांना त्यांनी मुलींना शाळेत घाला म्हणून सांगितले आणि दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला घरात थारा देऊ नका म्हणूनही बजावले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव फेटाळला गेला. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी तीच गोष्ट सरळ आपल्या बायांना सांगितली. लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, जी होतील त्यांना शिकवा आणि त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. आमची आई सही करण्यापलीकडे लिहू शकत नव्हती, पण हे बोल तिला पाठ होते. "बाबांनी सांगितलंय," एवढेच ती म्हणायची, की घरात पुढे वाद संपला.

त्याच सुमारास परळला गोरगरिबांसाठी वाडियांची दोन रुग्णालये उभी राहिली, बाळंतपणाचे १९२६ साली आणि मुलांचे १९२९ साली. आपल्या वस्तीतली निम्मी माणसे तिथे जन्मली असतील. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासाहून अधिक बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही अट तिसावर आली. पण तोवर गिरणीत बायाच उरल्या नव्हत्या. रात्रपाळीची बंदी, खात्यांत आलेली नवी यंत्रे आणि भत्त्याचा, पाळणाघराचा खर्च नको म्हणणारे मालक, या सगळ्यांत बाईचे काम गेले. आमच्या आजीनंतर आमच्या घरातली एकही बाई गिरणीत लागली नाही. आई घरी बसून कागदी पिशव्या चिकटवायची.

दीक्षेनंतर पाळण्यात काय बदलले

१९५६ च्या धम्मदीक्षेने काय बदलले, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. आम्ही त्यांना वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावे आणि त्यांच्या लेकरांची नावे शेजारी शेजारी लिहून पाहायला सांगतो. आधीच्या पिढीत दगडू, धोंडू, केरू, भिक्या, काळू. पोर जगावे, कोणाची नजर लागू नये म्हणून दगडधोंड्याची, केरकचऱ्याची नावे ठेवायची. मुली फार झाल्या तर नकुशी. दीक्षेनंतरच्या पाळण्यात गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक. मुलींत सुजाता, विशाखा, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा. एका पिढीत हा फरक पडला. ज्या आईने पोराला गौतम म्हणून हाक मारली तिने शाळेच्या मास्तराला, गिरणीच्या मुकादमाला आणि रेशनच्या दुकानदारालाही तेच नाव उच्चारायला लावले.

दुसरा बदल पाचवीच्या पूजेचा. बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असे आपले पूर्वज मानीत. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर ही पूजा बंद झाली आणि त्रिसरण-पंचशील घेऊन नामकरण होऊ लागले. खरे सांगायचे तर एका दिवसात बंद झाली नाही. बाप मीटिंगला गेला की एखादी आजी गुपचूप सुपात पाटा-वरवंटा मांडायची. आम्ही स्वतः पाहिले आहे. पण हळूहळू लोकांच्या मनात बसले, की नशीब सटवाई लिहीत नाही, ते पाटी-पेन्सिलीने लिहायचे असते.

तिसरा बदल आजाराचा. देवीच्या रोगाला आपण देवी म्हणायचो. पोराच्या अंगावर फोड उठले की देवी अंगात आली, आता औषध नको, कडुलिंबाचा पाला बांधा. म्युनिसिपालिटीचा टोचणीवाला आला की आया पोरांना माळ्यावर लपवायच्या. दीक्षेनंतर वस्तीतले आपले कार्यकर्ते टोचणीवाल्याबरोबर खोली-खोली फिरू लागले. आमच्या दंडावर त्या टोचणीचा वण अजून आहे. मे १९७५ नंतर देशात देवीचा एकही रुग्ण सापडला नाही आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. पुढे पोलिओच्या रविवारी आपल्याच महिला मंडळाने विहाराच्या दारात बूथ लावला. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. ज्या रोगांना आपण देव मानीत होतो ते लसीने गेले, याहून मोठे धम्मप्रवचन कोणते?

पॅसेजमधले दिवस

आम्ही १९६९ सालचे. बाबा थ्रॉसल खात्यात होते. गिरणीला तीन पाळ्या, सकाळी सातची, दुपारी साडेतीनची आणि रात्री बाराची. बाबांना रात्रपाळी असली की सकाळी ते खोलीत झोपायचे आणि आम्ही चौघे भावंडे पॅसेजमध्ये. "आवाज करू नका, बाबा झोपलेत." हे वाक्य आपल्या वस्तीतल्या आमच्या वयाच्या प्रत्येकाने ऐकले असेल. समोरच्या मावशीच्या घरात बाप दिवसपाळीला असला की तिची पोरे आणि आम्ही तिच्या खोलीत. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही जेवायलाही तिच्याकडे. पेज कोणाच्या घरची, सुकट कोणाच्या घरची, हे पोरांना कळायचे नाही. पोर रडले की ज्या बाईचा हात मोकळा असेल ती उचलायची. आईला दूध कमी आले तर शेजारणीने आपल्या पोराबरोबर दुसऱ्याचेही पाजले, अशी माणसे आज आपल्यात आजोबा झाली आहेत.

भल्या पहाटे आरेच्या दूध केंद्रावर बाटल्यांची रांग असे. पोरेच रांगेत उभी राहायची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला. त्याची भाकरी लहान पोरांना पचत नसे. मग कोणाकडे तांदूळ असेल तर त्याची पेज माळ्यावरच्या सगळ्या तान्ह्यांना वाटली जायची. कपडे वर्षातून एकदा, १४ एप्रिलला. गिरणीच्या दुकानातून आणलेल्या कटपीसमधून आई सगळ्यांची झबली, सदरे एकदम शिवायची. त्यामुळे जयंतीच्या मिरवणुकीत एका माळ्यावरची पोरे एकाच कापडात दिसायची.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतून दंगल पेटली आणि तिची झळ नायगावपर्यंत आली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. आम्ही तेव्हा चार-साडेचार वर्षांचे. आम्हाला आठवते ते एवढेच, की रात्री दिवे बंद होते, माळ्यावरच्या सगळ्या आया-पोरी मधल्या दोन खोल्यांत जमल्या होत्या आणि एकही पोर रडत नव्हते. दगड खिडकीवर आपटला की आई आमचे कान दाबायची. पुरुष जिन्यात बसले होते. आंदोलनाच्या इतिहासात जिन्यातल्या माणसांची नोंद होते. खोलीत पोरांचे कान झाकून बसलेल्या बायांची होत नाही.

आमची आक्का

आता जे लिहितो ते लिहायला आम्हाला जड जाते, पण ते लिहिल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही.

चाळीने लेकरं वाढविली असे आम्ही म्हणतो. पण चाळीतही तो भार सगळ्यांवर सारखा नव्हता. आमची आक्का आमच्याहून सात वर्षांनी मोठी. १९७२ साली ती चौथी पास झाली. त्याच वर्षी धाकटी बहीण जन्मली. आई पिशव्या चिकटवायची, पाणी भरायची, रॉकेलच्या रांगेत उभी राहायची. मग तान्हे पोर कोणी धरायचे? आक्काला पाचवीत घातलेच नाही. कोणी तिला शाळा सोड असे म्हटले नाही, कोणी भांडलेही नाही. जून आला, आमची पाटी घेतली, तिची घेतली नाही, एवढेच. दहा वर्षांची पोर वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन पॅसेजमध्ये उभी, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. अशा पोरी प्रत्येक माळ्यावर तीन-चार होत्या. आम्हाला शाळेत सोडायला यायची, खिडकीशी थोडा वेळ थांबायची आणि तान्ही रडायला लागली की परत फिरायची.

आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता. मुलींना शिकवा, हे त्यांचे सांगणे आईबाबांना पाठ होते. तरी आमच्या घरात हे घडले. गरिबीमुळे घडले, हे खरे. पण गरिबी होती तरी पाटी आली ती मुलाला, हेही तितकेच खरे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही तेरा वर्षांचे होतो. सहा महिन्यांत घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली. शेजारच्या दोन खोल्यांतली माणसे कुटुंबासह कोकणात गेली आणि परत आली नाहीत. काही बाप दारूला लागले. पोरांची नावे शाळेतून कमी झाली. आक्काचे लग्न तेव्हा होऊन दोन वर्षे झाली होती. ती दोन चाळी सोडून राहायची आणि चार घरची धुणीभांडी करायची. आमची वह्या-पुस्तके, परीक्षेची फी तिने दिली. बाबांना कळू दिले नाही. १९८६ साली आम्ही मॅट्रिक पास झालो, पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. ती हसून म्हणाली, "माझ्या वाटणीचा जरा मोठा दे, दोन जणींचा आहे तो." आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. एक ती आणि एक तिच्यातली शाळेत न गेलेली मुलगी, हे कळायला आम्हाला स्वतःची मुलगी शाळेत जाईपर्यंत वेळ लागला.

आम्ही १९८८ साली बदली म्हणून गिरणीत लागलो. सरकारी गिरणी, म्हणून बाकीच्या बंद पडल्या तरी आमची रडतखडत चालली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या दिवसांत घरी बसलो असताना आम्ही आक्काकडे रोज जाऊ लागलो. आता ती साठीच्या पुढे आहे. चालताना डाव्या बाजूला थोडी कलते. डॉक्टर म्हणाले हाडांची झीज. आम्हाला माहीत आहे, तान्ही पोर ती डाव्या कडेवर घ्यायची.

विहाराने काय केले, काय करायचे आहे

आपले विहार उभे राहिले तेव्हा आम्ही नुकतेच शाळेत जाऊ लागलो होतो. रोज संध्याकाळी बाया डब्यात चार-आठ आणे टाकायच्या, पुरुष पगाराच्या दिवशी वर्गणी द्यायचे, रविवारी सगळे श्रमदानाला. पोरे विटा वाहायची. नंतर याच विहारात रविवारचा धम्मवर्ग सुरू झाला. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विहारातला दिवा. खोलीत बाबा झोपलेले, पॅसेजमध्ये अंधार, म्हणून परीक्षेच्या दिवसांत पोरे विहारात अभ्यासाला बसायची. रात्री अकराला कोणाची तरी आजी चहा घेऊन यायची. आज या वस्तीतून डॉक्टर, वकील, बँकेत अधिकारी झालेली जी मुले आहेत, त्यातली कित्येक त्या दिव्याखाली शिकली.

वर्षावासात विहारात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन होते. आक्का मागच्या रांगेत बसायची. काही वर्षांपूर्वी वाचणारी मुलगी आली नाही, तेव्हा महिला मंडळाच्या बायांनी आक्कालाच पुढे केले. ती नको नको म्हणत होती. मग चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिने एक पान वाचले. चौथीच्या शिदोरीवर. पाऊण तास लागला. कोणी उठले नाही.

विहाराच्या भिंतीवर संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावे आहेत. ती असावीत, त्यांनी दिले म्हणून विहार झाले. पण ज्या पोरींनी आपली शाळा देऊन भावंडे वाढविली त्यांची देणगी कोणत्या फरशीवर लिहिली आहे? आमची कमिटीला जाहीर विनंती आहे, की या वर्षी एक वही करावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातल्या अशा बहिणीचे, मावशीचे, आत्याचे नाव, ती कितवीत शाळेतून निघाली आणि तिने कोणाकोणाला सांभाळले, एवढे त्या वहीत लिहावे. खर्च काही नाही. त्या अजून हयात आहेत तोवर हे व्हावे.

दुसरी विनंती पुढच्या काळाची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत बी.डी.डी.च्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आपल्यालाही तशीच घरे मिळायची आहेत. घरात संडास, पोरांना वेगळी खोली, आनंदाची गोष्ट आहे. चाळीचे गोडवे गाऊन कोणी संडासाच्या रांगेत परत जाणार नाही, आम्हीही नाही. पण टॉवरमध्ये दार बंद झाले की पॅसेज संपतो. आज आपल्या सुना-मुली मॉलमध्ये, रुग्णालयात, ऑफिसात कामाला जातात. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण कंत्राटावर काम करणाऱ्या किती जणींना ती प्रत्यक्षात मिळते ते त्यांनाच विचारा. तान्हे पोर धरायचे कोणी, हा आजीच्या वेळचा प्रश्न आजही तसाच आहे. अफूची गोळी गेली आणि तिच्या जागी मोबाईल आला, असे होऊ नये. आणि मोठ्या मुलीचा क्लास बुडवून तिला घरी बसवणे, हे तर कदापि होऊ नये.

म्हणून आमचे सांगणे असे, की नव्या जागेत विहार बांधताना बुद्धमूर्तीच्या हॉलबरोबर एक खोली पाळणाघरासाठी आणि एक अभ्यासासाठी आराखड्यातच धरावी. निवृत्त झालेले आमच्यासारखे कामगार आणि घरी असलेल्या आज्या पाळ्या लावून ते चालवतील. पाळ्या लावून काम करायची आम्हाला सवय आहे. पहिली पाळी आम्ही घेतो.

सर्वांना सविनय जय भीम! नमो बुद्धाय!